नाकाजवळचा तीळ काढायचाय – आधी काय तपासावं आणि कसा काढावा?

पानगळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकते.

माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, चष्म्याची गादी टेकते तिच्या किंचित खाली, लहानपणापासून तीळ आहे. शाळेतल्या फोटोंत तो सपाट, काळाभोर ठिपका दिसतो. आता मी ३६ वर्षांची आहे. रंग उतरून फिका तपकिरी झालाय, पण डोळे मिटून बोट फिरवलं तरी सापडेल इतका वर आलाय. मधोमध एक राठ केस उगवतो. संध्याकाळी चष्मा काढला की तिळाच्या वरच्या कडेला लाल रेघ उमटलेली असते. दोनदा खपली धरली आणि दोन्ही वेळा मी ती नखाने काढली. चुकलंच माझं.

काढायचा हे जवळजवळ ठरलंय. पण जितक्यांना विचारावं तितकी मतं. आई म्हणते, "तिळाला सुरी लावू नये, कॅन्सर होतो." मैत्रीण म्हणते लेझरने पाच मिनिटांत जातो, डागही राहत नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो, टाके घालूनच काढ, नाहीतर परत येतो. ज्यांनी काढून घेतलाय त्यांनी आपला अनुभव सांगाल का? आणि आईचं म्हणणं खरं आहे का, हे मला सगळ्यात आधी हवंय.

अवलिया_७
अनुभव नाही, पण सोबत आहे. माझा जबड्याच्या कडेला आहे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी दाढीच्या पात्याखाली येतो. भळाभळा रक्त येतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सदाफुली
पानगळ, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावर बरंच बोलता येईल.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी. साधा तीळ कापल्याने कॅन्सर होत नाही. हा समज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. काही जणांचा 'तीळ' मुळातच मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर असतो. तो कोणीतरी न तपासता अर्धवट काढतं, तो पुन्हा वाढतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की सुरी लागली म्हणून झालं. सुरीने तो जन्माला घातलेला नसतो, तो आधीपासून तिथे होता. त्यामुळे आईंची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

दुसरं म्हणजे शब्द. आपण तीळ, मस, चामखीळ हे तिन्ही एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो आणि तिथूनच घोळ होतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, एरवी वरच्या थराच्या तळाशी सुट्या सुट्या पसरलेल्या असतात. त्याच जातीच्या पेशी एका जागी पुंजका करून राहिल्या की तो तीळ. चामखीळ म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा संसर्ग. ती खरखरीत असते आणि एकाची दुसऱ्याला लागू शकते. मानेवर, काखेत देठाला लोंबणारे मऊ मस हे तिसरंच प्रकरण. त्यात रंगपेशींचा पुंजका नसतो. घर्षण, वजन, शरीराचा इन्सुलिनला कमी झालेला प्रतिसाद यांच्याशी त्यांचा संबंध असतो, म्हणून ते भराभर वाढले तर रक्तातली साखर तपासायला सांगतो. वय वाढलं की पाठीवर, कपाळावर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी चट्टे येतात, ती सेबोऱ्हिक केराटोसिस. आणि सावळ्या वर्णाच्या लोकांच्या गालांवर, डोळ्यांखाली बारीक काळे उंचवटे दाटीने येतात, ते बहुतेकदा घराण्यात चालत आलेले असतात. त्यांनाही सगळे तीळच म्हणतात, पण ते तीळ नव्हेत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की प्रत्येकाचा काढण्याचा मार्ग वेगळा आहे. नाव ठरल्याशिवाय हत्यार ठरत नाही.

तुमच्या तिळाचा प्रवास, सपाट काळा, मग जरा वर, मग फिका, मऊ आणि केसाळ, हा तिळांचा नेहमीचा आयुष्यक्रम आहे. पेशी आधी वरच्या थराच्या तळाशी असतात, तेव्हा तीळ सपाट आणि गडद दिसतो. वर्षं जातात तशा त्या खाली उतरतात. पुढे बहुतेक खालच्याच थरात राहतात, तेव्हा तीळ वर येतो आणि त्याचा रंग उतरतो. एकदा डर्मोस्कोपखाली दाखवा. दहापट मोठं करून, त्वचेची चकाकी बाजूला सारून आतली रंगाची नक्षी दाखवणारं भिंग आहे ते. दुखत नाही, दोन मिनिटं लागतात.

टिटवी
पानगळ, माझं ऐक आणि मग ठरव. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी गालावरचा तीळ काढून घेतला. सपाटसा, गडद, पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा लहान. जिथे काढला त्या जागेचं नाव सांगत नाही, पण दवाखाना नव्हता एवढं सांगते. मशीनचं टोक लावलं, जळकट वास आला, संपलं. कोणी भिंग लावलं नाही की हा किती दिवसांचा आहे, बदलला का, असं काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. खपली पडली, खाली गुलाबी त्वचा आली, मी खूश.

चौथ्या महिन्यात त्या गुलाबी जागेच्या आत काळा रंग परत यायला लागला. आधी एक टिंब, मग त्याला फाटे. कडा वेड्यावाकड्या. नेटवर मेलॅनोमाचे फोटो पाहिले आणि माझ्या पायातलं बळच गेलं. त्वचातज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काढला त्याचा लॅब रिपोर्ट आहे?" रिपोर्ट कुठून असणार? तो तीळ धूर होऊन गेला होता.

मग पूर्ण काढला, टाके घातले, तुकडा तपासायला गेला. दहा दिवस. त्या दहा दिवसांत मी लेकीच्या शाळेचं वेळापत्रक, बँकेचे पासवर्ड, सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. नवऱ्याला आजही माहीत नाही. रिपोर्ट चांगला आला. साधा तीळच होता, अर्धवट जळल्याने पुन्हा उगवलेला. पण आता गालावर जो वण आहे तो मूळ तिळाच्या तिप्पट आहे.

लेझरला माझा विरोध नाही. न बघता जाळण्याला आहे.

अवलिया_७
टिटवी, वाचून गलबलून आलं. ती वही आता फाडून टाका.

कंदील
टिटवीताई, तुमच्यासारख्याच काचपट्ट्या माझ्या टेबलावर येतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमचा काढलेला तुकडा ज्याच्याकडे जातो तो माणूस.

अर्धवट काढलेला तीळ परत रंगतो तेव्हा वणाच्या वरच्या पेशी अशा अस्ताव्यस्त दिसतात की अनुभवी डोळाही चकतो. आमच्या शास्त्रात १९७५ साली त्याला 'स्यूडोमेलॅनोमा' असं नावच पडलं, मेलॅनोमाचं सोंग घेतलेला तीळ. तो ओळखायचा एकच भरवशाचा उपाय म्हणजे पहिल्या वेळचा नमुना शेजारी ठेवून बघणं. तो नसेल तर आम्ही वणाच्या खाली उरलेल्या जुन्या पेशी शोधतो, वय, जागा, किती दिवसांत परत आला हे विचारतो. म्हणून सगळ्यांना विनंती: आधी कधी तिथे काही केलं असेल, जाळलं असेल, काही लावलं असेल, तर ते लॅबच्या अर्जावर लिहायला लावा. ती एक ओळ नसेल तर चांगल्या तिळाला वाईट नाव मिळू शकतं.

तुकड्याचं पुढे काय होतं हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. काढल्याबरोबर तो फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत जातो. आमच्याकडे आला की त्याची मापं घेतो, खालची आणि बाजूची कड शाईने रंगवतो, मग तो मेणाच्या ठोकळ्यात बसतो. त्या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्यावर तरंगणारा तो पापुद्रा काचेवर अलगद उचलावा लागतो. मग जांभळा-गुलाबी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. चांगल्या तिळात एक सुंदर गोष्ट दिसते. वरच्या पेशी मोठ्या, आणि जसजसं खोल जावं तसतशा त्या लहान, शांत होत जातात. मेलॅनोमात त्या तळापर्यंत तशाच दांडग्या राहतात. शाई लागलेल्या कडेपर्यंत पेशी पोचल्यात का, त्यावरून पूर्ण निघाला की नाही ते कळतं.

म्हणून काढलेला तीळ बाटलीत गेलाच पाहिजे. कचऱ्यात नाही, धुरात नाही.

गवत्या
इथे मी थोडं वेगळं मत मांडतो. सगळं लॅबला पाठवा, हे मला अती वाटतं. माझ्या मानेवरचे अकरा मस काढले. डॉक्टरांनी एकेक चिमट्यात धरून बारीक कात्रीने देठ कापला, त्यावर मशीनने टोचल्यासारखं केलं. अकरा बाटल्या पाठवायच्या होत्या का? माणसाला उगाच घाबरवण्यात काय अर्थ आहे? लोक घाबरून जातच नाहीत मग, आणि घरीच दोरा बांधत बसतात.

कंदील
गवत्या, तुमचं बरोबर आहे, मी सरसकट लिहून गेलो. देठाचे मऊ मस आणि नक्की ओळखलेली चामखीळ दर वेळी पाठवायची गरज नसते. माझं म्हणणं रंग असलेल्या, तीळ म्हणून काढलेल्या गोष्टीबद्दल आहे. आणि लोक घाबरून लांब राहतात हाही मुद्दा मान्य. पण टिटवीताईंचे ते दहा दिवस एका छोट्या बाटलीने वाचले असते.

सदाफुली
दोघांशी सहमत. दोऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. बारीक देठाच्या मसाला दोरा बांधला तर तो रक्त न मिळून गळतो, पण सडतानाच्या त्या दिवसांत जंतुसंसर्ग होऊन लोक माझ्याकडे येतात. आणि दोरा बांधलेला तो मसच होता, हे कोणी ठरवलं? त्याहून वाईट म्हणजे 'तीळ काढणारी' काळी मलमं. त्यांत झिंक क्लोराइडसारखं त्वचा जाळणारं रसायन आणि ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क असतो. ते चांगली-वाईट पेशी ओळखत नाही, समोर येईल ते जाळतं. वर खपली धरते, पडते, माणसाला वाटतं मुळासकट गेलं. खाली कॅन्सर शिल्लक राहून वाढत गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

निळावंती
एक वेगळा सूर लावू का? मला तीळ काढण्याची एवढी घाई कळत नाही.

माझी मुलं जुळी आहेत, अगदी सारखी. धाकट्याच्या उजव्या भुवईच्या टोकाला जन्मतः तीळ आहे. पहिले काही आठवडे रात्री झोपेत उठून पाजायला घ्यायचे तेव्हा मंद उजेडात मी आधी अंगठ्याने भुवई बाजूला करून बघायचे. तीळ दिसला की धाकटा. आता तो १५ वर्षांचा आहे आणि परवा म्हणाला, "मला हा काढायचाय, सगळे मला तीळवाला म्हणूनच ओळखतात." मला रडूच आलं. त्याला ते कळलंही नाही, म्हणाला, दुखणार नाही अगं फार.

पानगळ
निळावंतीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण रागावू नका, त्याची बाजू मला कळते. माझ्याशी बोलताना समोरच्याची नजर क्षणभर तिळावर जाते आणि परत डोळ्यांवर येते, हे मी आयुष्यभर बघत आलेय. तुमच्यासाठी ती खूण आहे, त्याच्यासाठी ती सतत कोणीतरी बघतंय अशी जागा आहे.

सदाफुली
निळावंती, शंभरातल्या एखाद्या बाळाला जन्मतःच तीळ असतो. लहान असेल तर घाईने काढायचं काही कारण नसतं. मूल भूल देऊन स्थिर बसू शकेल आणि स्वतः ठरवू शकेल तोवर थांबणं चांगलं. तुमचा मुलगा त्या वयाला आला आहे. (पूर्ण वाढीनंतर २० सेंटिमीटरहून मोठे होणारे जन्मजात चट्टे मात्र वेगळे. त्यांत मेलॅनोमाचा धोका जास्त असल्याने लहानपणापासून तज्ज्ञांच्या नजरेखाली ठेवतात.) भुवईतला काढताना एक सांभाळा, आधी भुवई भादरू देऊ नका, नंतर एकसारखी उगवेलच असं नाही. आणि काढण्याआधी जवळून एक चांगला फोटो काढून ठेवा. वैद्यकीय नोंदीसाठीही लागतो, आणि तुमच्यासाठीही.

ओवी
गरोदरपणात तीळ गडद होतात, ते बघायचं नाही, असं मला सांगितलं गेलंय. खरंय का? सातवा महिना आहे. पोटावरचा एक मोठा झाल्यासारखा वाटतो.

सदाफुली
ओवी, पोटावरची आणि छातीवरची त्वचा ताणली जाते, तिच्याबरोबर तीळही ताणून मोठा होतो. ते समजण्यासारखं आहे. पण पाठीवरचा, पायावरचा तीळ बदलला तर 'गरोदरपणामुळे' म्हणून सोडू नका. जागेवर भूल देऊन तीळ काढणं गरोदरपणातही करता येतं. पुढच्या तपासणीला दाखवा.

जुना_वाटसरू
मी ६८ वर्षांचा. इथे फक्त वाचत असतो, आज लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे चेहऱ्याबद्दल बोलताय. माझा तळव्यावर होता. उजव्या पायाच्या टाचेच्या जरा पुढे. मला दिसतच नव्हता. एकदा मुलगी माझी नखं कापून देत होती. पाय तिच्या मांडीवर होता. ती एकदम थांबली. म्हणाली, "बाबा, हे काय आहे?" मी म्हटलं, नव्या बुटाने रक्ताळलेला फोड असेल. तिने फोन काढून फोटो घेतला, त्यात पट्टी ठेवली. तीन आठवड्यांनी परत घेतला. फोड असता तर सुकून वरच्या कातडीबरोबर गळून गेला असता. हा तसाच होता, उलट एका बाजूने शाई झिरपावी तसा पसरला होता. एक कड काळी, दुसरी राखाडी-तपकिरी.

मेलॅनोमा निघाला. जाडी ०.९ मिलिमीटर. या आजारात सगळा हिशेब त्या जाडीवर चालतो, हे मला तेव्हा कळलं. ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली ही मोजणी सुरू केली आणि अजून तीच वापरतात. भोवतीची एक सेंटिमीटर निरोगी त्वचा धरून काढला, मांडीची त्वचा घेऊन तळव्याला लावली, कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली गाठ तपासली, ती स्वच्छ निघाली. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. आता सहा वर्षं झाली, चालतोय.

सावळ्या माणसाला हा आजार होतच नाही असं मी समजत होतो. होतो. कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळवे, तळहात, नखांखाली होतो, जिथे कोणी बघत नाही. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली तो सापडला होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये गेला, वय ३६. पानगळ, तुझ्याएवढं.

नाकावरचा तीळ काढून घे, जरूर काढ. पण त्या दिवशी पायमोजेही काढून दाखव.

पानगळ
काका, नमस्कार तुम्हाला, आणि तुमच्या लेकीलाही. आत्ता लिहिता लिहिता उठून तळवे बघून आले.

गवत्या
मीही. बायकोचेही बघितले.

कंदील
वाटसरूकाकांनी 'एका बाजूने पसरला' असं लिहिलंय, ते शब्द लक्षात ठेवा. संशयित तिळाची लक्षणं १९८५ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ए-बी-सी-डी अशी लक्षात राहतील अशी मांडली. मधून रेघ ओढली तर दोन अर्धे जुळत नाहीत, कड अस्पष्ट किंवा नागमोडी, एकाच तिळात दोन-तीन रंग, आणि ६ मिलिमीटरहून जास्त रुंदी, म्हणजे साधारण पेन्सिलच्या मागच्या रबराएवढी. पुढे २००४ मध्ये त्याला ई जोडलं, म्हणजे बदल. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ६ मिलिमीटरच्या आतलेही मेलॅनोमा असतात, आणि काही तर चक्क गुलाबी, बिनरंगाचे. दुसरी सोपी खूण म्हणजे घोळक्यात वेगळा पडलेला. एका माणसाच्या अंगावरचे तीळ सहसा एकमेकांसारखे असतात. जो त्या घराण्यातला वाटत नाही तो दाखवा. नखाखाली नवीन काळी पट्टी आली आणि रंग नखाशेजारच्या त्वचेवर उतरला, तर त्याच आठवड्यात जा.

आणि सगळे तीळ काढून टाकले म्हणजे सुटलो, असंही नाही. सुमारे ७० टक्के मेलॅनोमा जुन्या तिळात नव्हे, कोऱ्या त्वचेवर उगवतात. चाळिशीनंतर आलेल्या नव्या तिळाकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यायचं.

अवलिया_७
माझ्या १४ वर्षांच्या पुतण्याच्या पाठीवर तिळाभोवती पांढरं कडं आलंय. घरात सगळे घाबरलेत.

सदाफुली
त्या वयात हे बऱ्याचदा दिसतं, त्याला हॅलो नेव्हस म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती तिळाच्या पेशी खाऊन टाकते, तेव्हा भोवतालचा रंगही जातो. तीळ हळूहळू पुसला जातो, मग रंग परत येतो, कधी कधी काही वर्षं लागतात. दाखवून घ्या, अंगावर इतरत्र पांढरे डाग आहेत का तेही बघतील. चाळिशीनंतर असं कडं आलं तर मात्र सगळ्या अंगाची तपासणी हवी.

मुक्ता
मूळ प्रश्नाकडे वळते, काढावा कसा. माझा अनुभव छातीच्या मधोमधचा. तीळ छान निघाला, टाकेही व्यवस्थित, रिपोर्ट चांगला. पण तीन महिन्यांनी वण फुगायला लागला. खाज, टोचणी. केलॉइड झाला. आता दर महिन्याला त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घेते, वर सिलिकॉनची पट्टी लावते. तिळापेक्षा वण जास्त दिसतो. माझ्या कानाच्या टोचलेल्या जागी आधीच गाठ आली होती, ते मी सांगितलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. ज्यांना असं झालंय त्यांनी छाती, खांदा, कान, जबडा इथला तीळ केवळ दिसण्यासाठी काढताना शंभरदा विचार करा.

सदाफुली
मुक्ताने लिहिलं ते प्रत्येकाने वाचावं. तीळ काढणं म्हणजे तिळाच्या बदल्यात वण घेणं. 'डाग राहत नाही' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वण कुठे, केवढा आणि कसा दिसेल, एवढंच आपल्या हातात असतं.

पानगळ, तुमच्यासारख्या वर आलेल्या, फिक्या, निर्धोक तिळाला नाकाजवळ बहुतेक वेळा शेव्ह करतात. भूल देऊन धारदार पात्याने त्वचेच्या पातळीला कापायचा, तुकडा बाटलीत, आणि कड रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या लहरींच्या यंत्राने, गुळगुळीत करायची. टाके नाहीत, वण सपाट. तोटा हा की खोलवर काही पेशी आणि केसाचं मूळ राहतं, त्यामुळे थोडा रंग किंवा केस परत येऊ शकतो. दुसरा मार्ग पानाच्या आकारात पूर्ण जाडीने कापून टाके घालायचा. मुळासकट जातो, पण रेघेचा वण राहतो. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत काढतात, पाठीचे दहा ते चौदा. शंका असलेला तीळ मात्र असाच, पूर्ण काढायचा. शेव्ह नाही, कारण मग जाडी मोजता येत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर पेशींची वाफ करतो, तपासायला काही उरत नाही. मस, केराटोसिस यांना तो चांगला, रंगाच्या तिळाला मी वापरत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, पण थंडीने रंगपेशी इतर पेशींच्या आधी मरतात, सावळ्या त्वचेवर पांढरा डाग राहू शकतो. तिळाला तो नकोच.

आणि केस उपटल्याने कॅन्सर होत नाही. उलट केस असणारे तीळ बहुतेक निरुपद्रवी असतात. उपटल्यावर मूळ सुजतं म्हणून कापा.

टिटवी
गेल्यावर "तुकडा लॅबला जाणार ना?" हे तोंडाने विचार. चिठ्ठीवर लिहून ने हवं तर. तिथे खुर्चीत बसल्यावर विसरायला होतं.

पानगळ
(पाच आठवड्यांनी)

मंडळी, झालं एकदाचं. आई सोबत आली होती, तीही स्वतःहून.

डॉक्टरांनी आधी भिंग लावलं, मग स्क्रीनवर आम्हा दोघींना दाखवलं. मोठं केल्यावर माझा तीळ टेकडीसारखा दिसत होता, वर स्वल्पविरामासारख्या बारीक रक्तवाहिन्या. नंतर मी सांगायच्या आत त्यांनीच पायमोजे काढायला सांगितले. काका, तुमची आठवण झाली. शेव्ह ठरलं. भुलीची सुई टोचताना डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाकाजवळ ते जरा जास्तच झोंबतं. तीन-चार सेकंद जळजळलं आणि मग नाकाची ती बाजू जणू दुसऱ्या कोणाची. पात्याचा स्पर्श कळला, दुखलं नाही. चिठ्ठी नेली होती, ती दाखवायची वेळच आली नाही. नर्सने बाटली माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, नाव बरोबर आहे का वाचा. आत तळाला एवढासा फिकट तुकडा. ३६ वर्षं तोंडावर मिरवलेला, आणि ओळखूच येईना.

दोन आठवडे पेट्रोलियम जेली लावून जागा ओलसर ठेवली, खपलीला हात लावला नाही. आता सनस्क्रीन. सध्या गुलाबी, थोडी खोलगट जागा आहे, रंग भरायला काही महिने लागतील म्हणाले. रिपोर्टमध्ये 'इंट्राडर्मल नेव्हस', म्हणजे खालच्या थरातला साधा तीळ, पेशींत काही वावगं नाही, खालच्या कडेला तिळाच्या पेशी उरल्यात असं स्पष्ट लिहिलंय. कंदील, तुमची शाईची कड वाचून माहीत होती म्हणून दचकले नाही. रिपोर्टचा फोटो काढून ठेवलाय, उद्या परत रंग आला तर दाखवायला.

काल आरशात बघितलं तर तो केस परत उगवलाय. कात्रीने कापला.

आणि एक. घरी आल्यावर त्या रात्री आई म्हणाली, "माझ्याही पाठीवर एक आहे, तुला दाखवते." आजवर कधी बोलली नव्हती. ब्लाउजच्या कडेखाली, तिला स्वतःला दिसणार नाही अशा जागी. मोठा, वरून मेणचट वाटतो, केराटोसिस असेल असं आपलं मला वाटतंय, पण मी कोण ठरवणार? शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. गुरुवारची वेळ घेतली आहे.

निळावंती
फार बरं वाटलं वाचून. आमच्याकडे परीक्षेनंतरची तारीख ठरली आहे. भुवईचा फोटो मी काढला. दोन्ही मुलांचा, शेजारी शेजारी.

जुना_वाटसरू
गुरुवारी काय म्हणाले ते इथेच लिही. आणि आईचे तळवेही बघून घे.